उन्हातली पखाल

परवा सकाळी गेटवरून फोन आला, "मॅडम, पखाल आली," आणि मी हातातलं काम टाकून आवारात धावले. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. कागद जुळलेले होते, परवाना तयार होता, बाटल्या धुऊन उलट्या मांडून ठेवलेल्या होत्या. तरी धावले. एप्रिलचं ऊन, तापून कडकड वाजणारे शेडचे पत्रे, करमाडकडून येणाऱ्या वाऱ्याला कापलेल्या गव्हाच्या काडाचा वास, आणि आवारात नुकताच उतरवलेला निळा कंटेनर. एवढं सगळं एकत्र आलं की मला तो उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, नाकात बसलाय तो माझ्या.

आधी पखाल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे अजून रेड्याच्या पाठीवरून पाणी येतं. (शहरातल्या नळांची अवस्था बघता तेही दिवस फार लांब नाहीत, पण ते असो.) शहराबाहेर जालना रोडवर, शेंद्र्याच्या पुढं, करमाडच्या अलीकडं आमचा छोटासा कारखाना आहे. तिथं एकही द्राक्ष येत नाही. येते ती तयार वाईन, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, जहाजानं. पण बाटल्यांतून नाही. बाटल्या म्हणजे काच. काच जड, फुटणारी आणि जहाजात जागा खाणारी. म्हणून तिकडची माणसं साध्या लोखंडी कंटेनरमध्ये जवळजवळ त्याच्याएवढीच प्लास्टिकची पिशवी अंथरतात, तिच्यात टँकरभर वाईन भरतात, तोंड आवळतात आणि दाराला सील ठोकून देतात धाडून. बाटली, बूच, लेबल, खोका हे सगळं इथं. लेबलावर दोन्ही गावांची नावं येतात, एक मोठ्या अक्षरांत आणि एक बारीक. बारीक अक्षरांतले आम्ही.

त्या पिशवीला इंग्रजीत चांगलं चकचकीत नाव आहे. पण पहिली पिशवी घेऊन आलेला ड्रायव्हर शहरातल्या छावणी भागातला होता. त्यानं दाराच्या फटीतून आत डोकावत मला सांगितलं, "मॅडम, ये तो गुब्बारा है गुब्बारा! इसको धूप में नक्को रखो, रूठ जाता." त्या संध्याकाळी मी घरी बाबांना फुग्याची गोष्ट सांगितली. बाबा खुर्चीत सरळ झाले. "अगं, फुगा कसला? ही तर पखाल." बाबांचं लहानपण छावणीच्या कडेला गेलं. तिथं एक भिश्ती कातड्याच्या पखालीतून रस्त्यावर पाणी शिंपडायचा आणि उन्हातान्हातून येणाऱ्या पोरांच्या ओंजळीत धार सोडायचा. "त्यानं कधी कुणाच्या पोराला जात विचारली नाही," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तो शब्द कारखान्यात नेला. आठवड्याभरात वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पखाल. काही शब्द घरच्यासारखे येऊन बसतात, त्यांना कुणी परवाना विचारत नाही.

माझं काम नाकाचं आणि जिभेचं. मी रसायनशास्त्र शिकले, आणि आता पखालीतल्या वाईनची तपासणी करते. काही गोष्टी यंत्रं सांगतात, उरलेल्या तोंडात घेऊनच कळतात. आता आम्ही बौद्ध. घरात रोज वंदना, त्यात पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, आणि वस्तीत कुणी लावला तर त्याच्या दारात उभं राहून त्याची हजेरी घेतली. त्यांची मुलगी वाईन चाखते! नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी मी बाबांना सांगितलं, की आम्ही चाखतो, पण गिळत नाही. घोट तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा, हीच जगभरची रीत आहे. बाबांनी विचार केला. "थुंकतेस ना? मग ती परीक्षाच झाली, पिणं नाही." तेव्हापासून मी घरी आले की चपला काढायच्या आधी प्रश्न येतो, "थुंकलीस ना?" माझ्या मैत्रिणींना आई विचारते, जेवलीस का.

आणि हिराबाई. हिराबाई आमच्या लाईनवर बाटल्या उजेडावर धरायच्या. म्हणजे असं, की भरलेली बाटली पुढं सरकते, मागं पांढरा दिवा असतो, आणि त्या दिव्यासमोर बसलेल्या बाईनं क्षणभरात बघायचं, आत काही तरंगतंय का, काचेला तडा आहे का, बूच नीट बसलंय का. दिवसभर हेच. चांगल्या चांगल्यांचे डोळे तासाभरात पाणावतात. हिराबाई मात्र गाणं गुणगुणत बसायच्या आणि मधेच हात घालून नेमकी बाटली उचलायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मेंढरात लंगडं कोन हाय ते बगायची सवय हाय ताई. बाटली तर गुमान एका वळीनं जाती."

त्या धनगर. करमाडच्या मागच्या माळावर त्यांची वस्ती. दिवाळी झाली, की सगळं बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढरांमागं गोदावरीच्या अंगाला उतरायचं, कुणाकुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. असं त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. एका वर्षी नवरा आजारी पडला म्हणून मुलीला दिराच्या बिऱ्हाडात धाडून त्या मागं राहिल्या आणि आमच्याकडे कामाला लागल्या. त्यांचा हात बघून कंपनीनं शब्द दिला. पुढच्या उन्हाळ्यापासून पखालीमागून पखाल येणार, वर्षभर काम राहील, तुम्ही इथंच राहा. त्या शब्दावर हिराबाईंनी मोठा निर्णय घेतला. आपली मेंढरं दिराच्या कळपात घालून टाकली, कायमची. त्या दिवाळीनंतर वस्ती हलली आणि हिराबाई, त्यांचा नवरा आणि सहावीतली मुलगी कोमल मागं थांबले.

थंडीत त्या एकदा पगाराच्या कामासाठी आल्या होत्या, तेव्हा हसत हसत मला म्हणाल्या, "ताई, आमची पोरगी काय म्हन्ती सांगू? म्हन्ती, आई, दिवाळीनंतर बी शाळा असती व्हय गं!"

मीही हसले होते. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांना शाळेबद्दलचे विनोद कळत नाहीत.

मग एप्रिलात ती पखाल आली. तिच्याआधी, नेहमीप्रमाणे, तिच्यातल्या वाईनचा नमुना एका चिमुकल्या बाटलीतून आला होता. काय सुंदर वाईन होती! पिकल्या जांभळाचा वास, मागून काळी मिरी, आणि अगदी शेवटी, नीट लक्ष दिलं तर, ओल्या पाटीचा. मी ती बाटली हिराबाईंच्याही नाकाखाली धरली. त्या म्हणाल्या, "जांभळाखाली बसल्यावानी वाटतंय." आम्ही दोघी खूश होतो. बाटल्या आल्या, बुचं आली, शेजारच्या वस्तीवरच्या आणखी सात-आठ बायकांना हिराबाईंनी शब्द टाकून बोलावून ठेवलं.

आणि सील तोडायच्या आदल्या दिवशी दारू परवान्याच्या खात्याचे साहेब कागद घेऊन बसले आणि त्यांची मान हलायची थांबली.

"माल औरंगाबादला आलाय," ते म्हणाले.

"हो ना साहेब, आलाय," आमचे मॅनेजर म्हणाले.

"पण तुमचा परवाना छत्रपती संभाजीनगरचा आहे."

कुणाला काही कळेना. मॅनेजर म्हणाले, "साहेब, गाव एकच आहे."

"मला सांगता? माझा जन्म इथला आहे. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. उद्या मला वरून विचारलं, की एका गावाचा माल दुसऱ्या गावात कसा उघडला, तर मी काय तोंड दाखवू?"

आमचं गाव दोन नावांनी जगतंय. बाबा एक म्हणतात, बसवर दुसरं लिहिलेलं असतं, आणि रिक्षावाल्याशी बोलताना तोंडाला जे आधी येईल ते. आम्हाला त्याचं ओझं वाटत नाही. परवान्याचं नूतनीकरण नव्या नावानं झालं होतं, आणि परदेशात गेलेली मागणी जुन्या छापील नमुन्यावरची होती. चूक कुणाची? धड कुणाचीच नाही, आणि म्हणूनच ती दुरुस्त करायलाही कुणी नव्हतं. तिकडे निरोप गेला, नाव बदलून द्या. तिकडच्यांना वाटलं, आम्ही माल दुसऱ्या गावी वळवा म्हणतोय, तर त्यांनी भाड्याचा फरक कळवला. मग समजूत पटली, तर त्यांच्या रकान्यात आपल्या गावाचं पूर्ण नाव मावेना. अर्धंच छापून आलं. साहेबांनी ते बघून कपाळाला हात लावला. "हे तर तिसरंच गाव झालं!"

आज सांगताना हसू येतं. ऑफिसात तेव्हाही हसू यायचं. बाहेर आवारात मात्र पखाल उन्हात उभी होती.

सील तोडायचं नाही आणि कंटेनर जागचा हलवायचा नाही, असा हुकूम. उघड्या आवारात, वर ना पत्रा ना झाड. दुपारी कंटेनरच्या बाजूला तळहात टेकवला तर चटका बसायचा. आत काय चाललं असेल ते मला पुस्तकासारखं दिसत होतं. आधी जांभूळ जाणार. मग मिरी. मग रंग विटणार, आणि शेवटी तो शिजलेला, उकडलेल्या मनुक्यांसारखा गोडसर वास येणार, की ज्याच्यापुढं काही इलाज नाही. नमुन्याची बाटली फ्रिजमध्ये गार पडली होती, अगदी ठणठणीत. पहिले काही दिवस मी रोज तिचा थेंबभर घोट घ्यायची, थुंकायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. एकाच वाईनचे दोन भाग, एक फ्रिजमध्ये आणि एक तिथं. घरात कुणी आजारी असावं, दाराला बाहेरून कुलूप असावं आणि किल्ली कुणाकडेच नसावी, तसं झालं होतं मला.

बायका रोज यायच्या. काम नव्हतं, त्यांना कुणी बोलावतही नव्हतं, पण यायच्या आणि भिंतीच्या सावलीला बसायच्या. एके दिवशी हिराबाई माझ्याकडे आल्या. "ताई, ती आत नासती व्हय?"

"नासेल. ऊन लागतंय तिला."

"मग पांघरून का घालत नाय तिच्यावर?"

सील तोडू नका असा हुकूम होता, पांघरूण घालू नका असा नव्हता. बायकांनी बाटल्यांच्या गोदामातली सगळी गोणपाटं काढली, जोडली, कंटेनरवर चढून अंथरली. मग पाण्याचा प्रश्न. कारखान्याला टँकरचं पाणी, तेही मोजून. मॅनेजरांनी दोन दिवस पाइप लावू दिला आणि तिसऱ्या दिवशी तेही हतबल होऊन म्हणाले, आता नाही जमायचं. तेव्हा त्या बायका वस्तीवरून येताना डोक्यावर हंडे आणायला लागल्या. प्यायच्या पाण्याचे हंडे, दीड-दोन मैलांवरून. गोणपाटावर ओतायच्या. पाणी पडताच चर्र आवाज व्हायचा, वाफ उठायची, आणि आम्ही सगळ्या वर बघत राहायचो. घटकाभरात गोणपाट पुन्हा कोरडं. मी हिराबाईंना सांगितलं, की एवढ्यानं काही होणार नाही. त्या म्हणाल्या, "व्हवू द्या न व्हवू द्या. नुसतं बगत बसाय होत नाय."

नुसतं बघत बसायला होत नाही, हे खरंच. मीही ऑफिसातून ऑफिसात फिरले. सगळे बसवायचे, चहा द्यायचे. साहेबांनी तर स्वतःहून दोनदा वर फोन लावला माझ्यासमोर. कुणी वाईट वागलं असतं तर मला भांडता आलं असतं, आणि मला भांडायला चांगलं येतं. पण सगळीच माणसं भली, सगळ्यांचाच नाइलाज. भल्या माणसांशी भांडायचं कसं?

शेवटी एकदाचा कागद आला, सगळ्या नावांसकट. मे संपत आला होता. साहेब आले, सील तुटलं, दार उघडलं. आतली ऊब अंगावर आली. पखाल तशीच पडलेली होती, फुगलेली, मुकी. खालच्या नळीतून मी ग्लासात थोडी वाईन घेतली. बायका दाराशी गोळा झाल्या होत्या.

ग्लास नाकाशी नेण्याआधीच मला कळलं. तरी नेला. तरी घोट घेतला, तोंडात फिरवला, बादलीत थुंकला. पुन्हा घेतला. जांभूळ कुठंच नव्हतं. मी वर बघितलं तर हिराबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, उजेडावरच्या बाटलीकडे बघायच्या तशा.

"बिघडली," मी म्हटलं.

"ताई, तुमी तर थुकून टाकता," हिराबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. समजावून सांगत होत्या मला. "थुकल्यावर कसं कळंल? पोटात गेल्याबिगर कळतं का काय? एकडाव गिळून बगा. मग सांगा."

मागून एक बाई म्हणाली, "व्हय, गिळून बगा की."

मला त्यांना सांगता आलं असतं, की चव जिभेवर असते, पोटात नाही. जगभर थुंकतात म्हणून सांगता आलं असतं. त्याऐवजी ग्लासात घेतलं आणि गिळलं. आयुष्यातला पहिला घोट. घशातून खाली ऊन ऊन काहीतरी उतरत गेलं आणि मी तिथं डोळे मिटून उभी राहिले, खरंच उभी राहिले, की कदाचित. शिकलेली बाई मी, पण त्या घडीला मनापासून वाटलं, की कदाचित पोटाला काहीतरी वेगळं कळत असेल.

"नाय?" हिराबाईंनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. "एक घोट गिळला बाबा."

"कशाला?"

"एका बाईनं गिळून बघायला सांगितलं. तिचं सगळंच त्यावर होतं."

"मग? काही फरक पडला?"

"नाही."

बाबा उठले, आत गेले, माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. "पी," एवढंच म्हणाले.

ती वाईन साहेबांच्या देखत सांडपाण्याच्या टाकीत सोडून दिली. दिवसभर आवारात तो गोड वास कोंदला होता. त्यानंतर पखाली येणं बंद झालं, वर्षभर. बायकांना शेवटचं काम मिळालं ते धुतलेल्या बाटल्या पुन्हा खोक्यात भरायचं. हिराबाई बाटली खोक्यात घालण्याआधी सवयीनं उजेडाकडे धरून बघायच्या. रिकाम्या बाटलीत काय बघणार? पण बघायच्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार, ताई." मला हे वाक्य तेव्हापासून ऐकवत नाही, कुणाच्याही तोंडून. बस थांबली नाही, रेशन आलं नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, की कुणीतरी हेच म्हणतं समजुतीनं. आमच्याकडे लोक किती पटकन समजून घेतात दुसऱ्याचा नाइलाज! थोडं कमी समजून घ्यायला हवं होतं सगळ्यांनी. निदान मी तरी.

तर परवा पुन्हा पखाल आली. या वेळी सगळ्या कागदांवर गावाचं एकच नाव. साहेब नवे आहेत. कंटेनर उतरला त्याच दिवशी सील तुटलं, संध्याकाळपर्यंत वाईन आमच्या गार टाक्यांत गेली. मी चाखली. जांभूळ नाही या वेळी, डाळिंबासारखी आहे थोडी, पण निकोप, स्वच्छ. लाईन सुरू झाली. नव्या बायका आहेत.

काल सकाळी कंपनीची बस करमाडच्या अलीकडं थांबली. पुढं सगळा जालना रोड मेंढरांनी भरलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. घोड्यावर बिऱ्हाड, मागं माणसं, धूळ. मी खिडकीतून बघत होते आणि त्या धुळीतून हिराबाई आल्या. वाळल्या होत्या. त्यांनी मला आधी ओळखलं. खिडकीशी येऊन हसल्या.

"ताई! बऱ्या हाय न्हवं?"

"मी बरी आहे. तुम्ही?"

"आमाला काय धाड भरलीय. दिराच्या मेंढरामागं हाय. औंदा चारा लौकर सरला, म्हून आदीच माघारी."

पलीकडून एक उंच झालेली मुलगी काठी आडवी धरून मेंढरं रस्त्याच्या कडेला लोटत होती. मी तिकडे बघितलं. विचारायला नको होतं, पण विचारलं, "कोमल ना? शाळा?"

"जाती की, दिवाळीपातुर," हिराबाई म्हणाल्या, आणि लगेच, जणू खरं विचारायचं राहूनच गेलं होतं, खिडकीच्या गजाला धरून जवळ आल्या. "पखाल आली म्हन्त्यात औंदा. कशी हाय?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. वाईट आहे, हीही नासली, असं सांगावं. त्यांच्या डोळ्यांकडे बघून ते जमलं नाही.

"चांगली आहे," मी म्हटलं.

"लई चांगली?"

"लई चांगली."

हिराबाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं, ताई. लई जीव लागला व्हता बगा," त्या म्हणाल्या आणि मेंढरांना हाक देत पुढं गेल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, पण तो आनंद मला सोसवत नाही.